गिऱ्हाईक नेमकं काय विकत घेतं? (पायताण, कुंदा आणि पाच वर्तुळं)

पायताणवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लिखाण जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

बेळगावात आमचं चपलांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. कोल्हापुरी माल अथणी आणि निपाणीकडच्या चार-पाच घरांतून येतो. घरं तीच, फक्त बापाच्या जागी आता मुलगा शिवायला बसतो. गेल्या वर्षी मी ४१व्या वर्षी पत्राद्वारे एमबीएला नाव घातलं. बायको म्हणाली, बरं झालं, पोरीसोबत अभ्यासाला बसायला कुणीतरी पाहिजेच होतं.

मार्केटिंगच्या पेपरात फिलिप कोटलर यांची पाच वर्तुळं आली. कुठलीही वस्तू म्हणजे एकात एक पाच वर्तुळं, अशी ती मांडणी. अगदी आत मूळ फायदा, म्हणजे माणूस खरं तर कशासाठी आलाय ते. चपलेचं म्हणाल तर पाय भाजू नये, काटा रुतू नये. त्याबाहेर साधी वस्तू: तळ, पट्टा, अंगठा. त्याबाहेर अपेक्षित वस्तू, म्हणजे न सांगता गृहीत धरलेलं: अस्सल कातडं, दोन्ही पाय सारखे, शिवण वादीची. चौथं वर्तुळ वाढीव, दुकानदार पदरचं घालतो ते. पाचवं संभाव्य, उद्या ही वस्तू काय होऊ शकेल ते.

प्रकल्प होता: ही वर्तुळं आपल्या धंद्याला लावून दाखवा. मी लावली. चौथ्या वर्तुळात तीन नव्या गोष्टी घातल्या. छापील खोका, चप्पल कशी जपायची त्याचं कार्ड, आणि ६० दिवस मोफत शिवण. एक जुनी गोष्ट काढली. आमच्याकडे चप्पल देण्याआधी तिला तेल लावून द्यायची पद्धत होती. त्या तेलाचे डाग नव्या खोक्याला पडायला लागले, वेळही जायचा. घरी लावा म्हणून कार्डावर छापलं आणि बंद केलं.

चार महिन्यांत काय झालं बघा.

खोक्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कार्डं दुकानाच्या पायरीवरच पडलेली सापडतात. मोफत शिवणीला दोघेच आले. तिसऱ्या एकाने घेतानाच विचारलं, "का ओ, सुटणार आहे काय शिवण?" आणि चप्पल ठेवून गेला!

तेल बंद झाल्याबद्दल मात्र एकही तक्रार नाही. एकही नाही. पण जुनी गिऱ्हाईकं एकेक करून म्हणायला लागली की माल बदललाय. हिंडलग्याचे एक आजोबा आहेत, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. ते म्हणाले, "तुझ्या आज्ज्याच्या वेळचं कातडं राहिलं नाही बघ." अहो, कातडं तेच! माणसं तीच, दर वाढलाय तेवढाच.

आता मला सांगा, तेल कुठल्या वर्तुळात होतं? मी चौथ्यात लिहिलं आणि मार्क पण मिळाले. गिऱ्हाईकाने ते दुसऱ्यात धरलं होतं, कातड्यातच. गिऱ्हाईकाला ही वर्तुळं दिसतात तरी का?

---

उद्यमबागचा_फिटर

दिसत नाहीत. आमच्याकडेही अगदी हेच झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही हायड्रॉलिक सिलिंडर करतो. सिलिंडरला तेल आत-बाहेर जायला दोन पोर्ट असतात. पाठवताना त्यांवर प्लास्टिकची टोपी बसवायची, कचरा आत जाऊ नये म्हणून. किंमत विचाराल तर चहापेक्षा कमी. एकदा टोप्या संपल्या होत्या, स्टोअरवाल्याने चिकटपट्टी लावून माल पुण्याला धाडला. तिथून पत्र आलं की तुमच्या मशीनिंगचा दर्जा घसरलाय. मशीनिंगचा! रॉड, सील, होनिंग, सगळं मापात. त्यांच्या माणसाने खोका उघडला, चिकटपट्टी बघितली आणि तिथेच मत झालं. पुढे त्याने मायक्रोमीटर लावला तो चूक शोधायलाच.

क्वालिटीच्या प्रशिक्षणात आम्हाला कानो शिकवला होता. नोरिआकी कानो, जपानी प्राध्यापक, १९८४ची मांडणी. त्याने वस्तूचे थर मोजले नाहीत. एकेका गुणाबद्दल दोन प्रश्न विचारले: हे असेल तर कसं वाटेल? आणि हे नसेल तर कसं वाटेल? उत्तरं पाचच. आवडेल, असायलाच पाहिजे, फरक पडत नाही, चालवून घेईन, आवडणार नाही. दोन्ही उत्तरं जोडून बघितली की गुणाची जात कळते.

काही गुण 'असायलाच हवे' जातीचे. असले तर कुणी नाव घेत नाही, नसले तर बोंब. काही 'जितकं तितकं', वाढवाल तेवढा माणूस खूश. काही अवचित आनंद देणारे, नसले तरी राग नाही. काही बेदखल, तुमचा खोका आणि कार्ड त्यातलंच. आणि एक जात उलटी. दिलं की माणूस बिथरतो. "सुटणार आहे काय शिवण?" म्हणणारा तिथला.

तुमचं तेल पहिल्या जातीचं होतं. म्हणून तर त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

---

वडगावची_सून

फिटरभाऊ, मान्य. पण गिऱ्हाईक तेल विसरलं आणि कातड्याला नावं ठेवली, हे कसं झालं ते तुमच्या जातींतून कळत नाही. माझं मत असं की माणूस अनुभव सुटा करून ठेवत नाही. पायाला नवी चप्पल लागली की 'चप्पल वाईट', संपलं. तेल नव्हतं म्हणून लागली एवढा हिशेब कोण करत बसतं?

आमच्याकडे साडीचं तेच. वडगाव-शहापूर म्हणजे मागांचा भाग, माझ्या सासरीही माग होते. फॉल-पिको करून दिलेली साडी नेसली की बायका म्हणतात, "किती चापून बसते ओ, पोत छान आहे." पोताचा काय संबंध? फॉलच्या वजनाने निऱ्या पडतात. पण श्रेय पोताला, आणि फॉल नसेल तर दोषही पोतालाच.

---

मृगाचा_किडा

काय अभ्यास करूलाय ओ तुम्ही सगळे! पाचवं वर्तुळ म्हणजे आपले मनातले मांडे, एवढंच मला कळलं 😀

---

पायताणवाला

@मृगाचा_किडा, परीक्षेत हेच लिहायला पाहिजे होतं.

@फिटर, तो दोन प्रश्नांचा प्रयोग करून बघतो. पण 'तेल नसेल तर कसं वाटेल' असं विचारलं की माणूस तेलाचा विचार करायला लागतो. एरवी तो करतच नाही.

---

उद्यमबागचा_फिटर

बरोबर पकडलंत. म्हणून जुन्या गिऱ्हाईकाला विचारायचं नाही, त्याच्या हाताकडे बघायचं. चप्पल हातात घेतली की आधी काय करतो? तळ वाकवतो, बाजूचा कातडी कान दाबतो, की वास घेतो?

---

निपाणीकर

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

तुम्ही सगळे दुकानातून बघताय. आमच्या गल्लीत चपला करणारी घरं आहेत. आत काय चालतं ते ज्याने पाहिलंय त्याला ही वर्तुळं उलटी दिसतात. म्हशीचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात मुरवायचं. ते रसायनाने झटपट होत नाही, दिवस जातात. मग तळ कापायचा, थर चिकटवायचे, वादीने शिवायचं, खिळा नाही. वेणी घालायची ती बहुतेक घरची बाई घालते. हे सगळं तुमच्या कोटलरच्या दुसऱ्या वर्तुळात, 'साधी वस्तू'. साधी?

२०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आठ जिल्ह्यांना: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेची भांडणं करणाऱ्या दोन राज्यांनी चपलेसाठी एकत्र अर्ज केला होता, हे एक नवलच. पण मानांकन नावाला राखतं, आकाराला नाही. जून २०२५मध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला घालून पोरं चालवली. आधी नुसतं चामडी सँडल म्हटलं, बोंब झाल्यावर आपल्याकडची प्रेरणा मान्य केली. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. २,००० जोड, एकेक सुमारे ८०० युरोला.

आता सांगा, ८०० युरोत कुठलं वर्तुळ विकलं गेलं? पाय तर आमच्याकडच्यानेही भाजत नाही.

---

वडगावची_सून

८०० युरोत 'मी प्राडा घातलंय' हे विकलं. तो त्या गिऱ्हाईकाचा मूळ फायदा. अगदी आतलं वर्तुळ, बाहेरचं नव्हे. आपल्याला तो नखरा वाटतो म्हणून आपण बाहेर काढतो.

आणि हसू नका, आपणही तेच करतो. लग्नात मांडे का देतात? उपड्या मडक्यावर भाजलेला, कागदासारखा, हात लावला की मोडणारा. भूक लागली म्हणून मांडा खाल्लेला माणूस मी पाहिला नाही. मांडे मानासाठी. रुखवतात मोडका मांडा गेला तर विहीणबाई चवीबद्दल बोलत नाहीत हो, घराण्याबद्दल बोलतात.

---

म्हापशेकर

गोव्यातून लिहितोय. आम्ही तुमच्या गिऱ्हाइकांपैकी.

आमच्याकडे महिन्यातून एकदा बेळगावला यायचं म्हणजे सहलच. सकाळी चोर्ला घाट चढायचा, गणपत गल्ली, खडे बाजार, पोरांचे कपडे, लग्नाचं असेल तर साड्या, निघताना कुंदा. आमच्या बाबांना कुंदा आवडत नाही, गोड होतो म्हणतात. तरी दरवेळी एक किलो घेतात. शेजारी वाटायला. कुंदा वाटला नाही तर बेळगावला जाऊन आलो हे कुणाला कळणार?

तेव्हा कुंद्यात आमच्यासाठी दोनच गोष्टी. तो तपकिरी, दाणेदार आणि बेळगावचाच पाहिजे, आणि खोका घाटात गळता कामा नये. एकदा तूप सुटून गाडीच्या सीटला लागलं. आई अजून म्हणते, "त्या दुकानाचा कुंदा बरा नव्हता." चाखलाही नव्हता तिने.

पायताणवाले, तुमचा खोका बेळगावच्या माणसाला बेदखल असेल. आम्हाला विचारा. आम्ही चप्पल घेतो ती भेट द्यायला. मला तो खोका पाहिजे.

---

पायताणवाला

हे डोक्यातच आलं नव्हतं. आमची निम्मी रविवारची विक्री गोव्याच्या गाड्यांची, आणि मी सरासरी काढत बसलो होतो.

---

टिळकवाडी_तिसरं_गेट

थोडा इतिहास घालतो. निवृत्त मास्तर आहे, सवय जात नाही.

वर्तुळांची ही कल्पना हार्वर्डचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांनी १९८० साली मांडली, त्यांची चार होती. कोटलरनी पुढे पाच केली. लेव्हिटचा मुद्दा असा की वाढीव म्हणून दिलेलं हळूहळू अपेक्षित होतं. काल जे कौतुक, ते आज हक्क. कानोही तेच म्हणतो, आनंद देणारा गुण कालांतराने 'असायलाच हवा'मध्ये जातो.

घरचं उदाहरण. आमच्या गल्लीत दूधवाला पूर्वी मापावर 'वरकड' घालायचा. लिटर झालं की वर थोडं. पिशवीबंद दूध आलं, वरकड गेलं. पिशवीत बरोबर अर्धा लिटर असतं, कमी नाही. तरी आमची आई मरेपर्यंत म्हणायची, पिशवीवाले मापात मारतात. वरकड हेच तिचं माप झालं होतं.

---

खानापुरी_कौल

मास्तर, उलटंही होतं ओ. अपेक्षा खाली पण येते.

माझी मावशी खानापुरातून बेळगावला रोज कामाला. पूर्वी तिकीट काढायची तेव्हा बसला पाच मिनिटं उशीर झाला तरी कंडक्टरशी भांडायची. ११ जून २०२३पासून कर्नाटकात साध्या बसमध्ये बायकांना प्रवास मोफत झाला. आता तासभर उभी राहून येते, गर्दीत बांगड्या फुटतात, तरी बोलत नाही. "फुकटात बसूलाव, काय बोलायचं?" म्हणते. कोल्हापूरला बहिणीकडे गेली की पलीकडच्या एसटीत अर्धं तिकीट (तिकडे १७ मार्च २०२३पासून). ते अर्धे पैसे दिले की लगेच खिडकीची काच नीट का नाही म्हणून भांडते. तीच बाई, तसलीच बस.

म्हणजे किती वर्तुळं दिसणार ते पैसे किती दिले त्यावरही आहे.

---

वडगावची_सून

मावशीला नमस्कार सांगा. बांगड्यांचं वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं.

---

निपाणीकर

एक विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. बोली.

माझी आई ७४ वर्षांची. औषधाच्या दोन दुकानांत दर सारखेच. ती लांबच्या दुकानात जाते, कारण तिथला मुलगा "आज्जी, ही सकाळची, ही रात्रीची" असं मराठीत सांगतो आणि पाकिटावर सूर्य-चंद्र काढून देतो. विचारलं तर म्हणते, "त्याच्या गोळ्या लागू पडतात." कंपनी एकच आहे, मी पाहिलंय.

हे कुठलं वर्तुळ? पुस्तकात ही 'सेवा', बाहेरची. आईच्या लेखी ती गोळीत आहे.

---

पायताणवाला

अगदी. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं. आमच्याकडे गोकाक-सौंदत्तीकडचं गिऱ्हाईक आलं की बाबा "बर्री, कुंद्री" (या, बसा) म्हणून स्टूल पुढे सरकवतात. बाबांचं कन्नड तेवढंच, पुढे सगळी खाणाखुणांची भाषा. पण ती माणसं आमच्याकडेच परत येतात, आणि घरी काय सांगत असतील? चप्पल टिकते म्हणून सांगत असतील.

मी प्रकल्पात बाबांचं "कुंद्री" लिहिलंच नाही. खोका लिहिला.

---

मृगाचा_किडा

आता गंमत सोडून. एवढं सगळं कळलं तर दुकानदाराने करायचं काय? काहीच काढायचं नाही? मग दुकानं बंदच पडतील. प्रत्येक जुनी सवय गिऱ्हाइकाच्या मनात आत जाऊन बसलेली असणार.

---

उद्यमबागचा_फिटर

काढायचं, पण एकदम सगळ्यांचं नाही. आम्ही काही बदललं की आधी एकाच गिऱ्हाइकाला तसा माल पाठवतो आणि तक्रारीतले शब्द वाचतो. तक्रार दुसऱ्याच कशाबद्दल आली तर ती ह्या बदलाची आहे का ते तपासतो. तक्रार ज्याची येते ते बिघडलेलं असतंच असं नाही, हे आम्हाला त्या टोपीने शिकवलं.

---

पायताणवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. अपडेट.

तेल पुन्हा सुरू केलं, पण गिऱ्हाइकासमोर. आधी आत गोदामात लावायचो. समोर लावल्यावर काय काय कळलं! कॉलेजची पोरं नको म्हणतात. रंग काळपट होतो, त्यांना ती फिकट पिवळसर छटाच पाहिजे फोटोला. चावली तर चावू दे म्हणतात. गोव्याच्या लोकांना तेल नको, खोका पाहिजे. (म्हापशेकर, तुमचा मान राखला.) मोफत शिवणीची पाटी काढून टाकली. शिवण सुटून कुणी आलं तर गुपचूप घालून देतो आणि पैसे घेत नाही. ह्या आठवड्यात तसल्या एकाने स्वतःच्या भावाला घेऊन येऊन दोन जोड नेले. पाटी होती तेव्हा हे कधी झालं नव्हतं.

जुनी गिऱ्हाईकं खूश. 'आता माल बरा आलाय' असं तिघांनी ऐकवलं.

मग काल हिंडलग्याचे आजोबा आले. मोठ्या तोऱ्यात त्यांच्यासमोर तेल लावलं, फडक्याने पुसलं, चप्पल पुढे ठेवली. त्यांनी घातली, चार पावलं चालले, कान अंगठ्याने दाबला.

"हे पण तसलंच," म्हणाले.

मी म्हटलं, आजोबा, तेल लावलंय की.

"तेलाचं कोण बोलतंय? तुझा आज्जा खाली बसायचा. माझा पाय मांडीवर घेऊन कान वाकवायचा, हितं जरा, तितं जरा. मग दहा मिंटं घालून बसायला लावायचा, चहा सांगायचा. तसली चप्पल होती ती."

एवढे दिवस मी तेल कुठल्या वर्तुळात घालायचं ते शोधत होतो. ते माझ्या आजोबांच्या हाताला लागलेलं होतं, एवढंच.

---

वडगावची_सून

मग? बसलात का खाली?

---

पायताणवाला

बसलो. उठताना काउंटर धरावा लागला. कान कुठे वाकवायचा ते मला येत नाही, त्यांनीच बोटाने दाखवलं. नेली चप्पल. पुढच्या महिन्यात सांगतो म्हणाले.

---

खानापुरी_कौल

आठ नंबर कापशी चप्पल आहे काय ओ? रविवारी मावशीला घेऊन येतोय, बस वेळेत आली तर.